चार लाखांच्या आत वस्ती असलेल्या देशात समकालीन कलेची गॅलरी चालते तरी कशी?

तुम्ही विचारलंय: आइसलँडची वस्ती चार लाखांच्या आत, म्हणजे जेमतेम लातूर शहराएवढी. तरी तिथली गॅलरी आर्ट बाझल या जगातल्या मोठ्या आर्ट फेअरमध्ये, म्हणजे गॅलऱ्यांच्या विक्रीमेळ्यात, उभी राहते. पैसा येतो कुठून? आणि गोव्यात असं काही करायचं तर सुरुवात कुठून करावी?

पहिल्या प्रश्नाचं थोडक्यात उत्तर: देशातल्या विक्रीवर ती गॅलरी जगत नाही. घरचा बाजार इतका लहान की नियमित घेणारे संग्राहक बोटांवर मोजता येतात, आणि काही वर्षांत त्यांच्या भिंती भरतात. म्हणून खर्च देशात आणि कमाई बाहेर, असा हिशेब बसवावा लागतो. त्यातही देशातला सगळा खर्च गॅलरीच्या अंगावर पडू नये, अशी सोय आधीच झालेली असावी लागते. ही सोय कशी होते, ते बघू.

आधी एक घोळ मिटवतो. आपल्याकडे गॅलरी म्हटलं की जहांगीर आठवतं. अर्ज करा, काही वर्षं नंबर लागायची वाट बघा, भाडं भरा, आठवडाभर चित्रं लावा, उतरवा. ती भाड्याची भिंत. व्यावसायिक गॅलरी भाडं घेत नाही. ठरावीक कलावंत निवडते, त्यांचं काम विकते आणि साधारण निम्मी रक्कम ठेवते. मुंबईत १९६३ साली सुरू झालेली केमोल्ड या जातीची. तिसरा प्रकार कलावंतांनी मिळून चालवलेल्या जागेचा. तिथे विक्री हा मुद्दाच नसतो.

आइसलँडमध्ये यातला तिसरा प्रकार आधी आला, आणि सगळी गोम तिथेच आहे. १९६५ साली सूम नावाचा कलावंतांचा गट जमला. त्यांची कामं राष्ट्रीय कलासंग्रहालय विकत घेईना, म्हणून १९७८ मध्ये कलावंतांनीच लिव्हिंग आर्ट म्युझियम काढलं. तिथे त्याला ‘नीलो’ म्हणतात. संग्रह कसा झाला? सभासदांनी आपापली कामं दिली. पगारी माणसं जवळपास नाहीत, खर्च भाडं, रंग आणि विजेचा. यानंतर सतरा वर्षांनी, १९९५ मध्ये, एड्डा योन्सडोटिर या चित्रकार बाईंनी आय-एट ही व्यावसायिक गॅलरी उघडली. आर्ट बाझलमध्ये दिसते ती हीच. पत्ता इंगोल्फ्सस्त्रायती ८, त्यावरून नाव. तोवर प्रदर्शनं झालेली, फोटो आणि कॅटलॉग जपलेले, बाहेरच्यांची ये-जा असलेली एक अख्खी पिढी तयार होती. गॅलरीला जमीन नांगरावी लागली नाही, पेरणीपासून सुरुवात करता आली. व्यावसायिक गॅलरीच आधी काढली की कलावंत घडवण्याचा खर्चही तिच्यावर पडतो. बहुतेक जण तिथेच गाळात जातात.

आता जागा. २००४ मध्ये राजधानी रेक्याविकमध्ये लांड्सबांकी या बँकेने सुमारे ५००० चौरस मीटरचा जुना कारखाना क्लिंग अँड बँग या कलावंतांच्या गॅलरीला वापरायला दिला. शंभराहून जास्त कलावंतांनी तिथे स्टुडिओ थाटले. शहराची हवाच बदलली, पण दोन वर्षंही धड झाली नाहीत तोच जागा गेली. फुकट मिळालेल्या जागेचं हेच असतं, मालकाला जमिनीचा भाव कळला की कलावंत बाहेर. २००८ मध्ये तर ती बँकच बुडाली. याच्या उलट मार्शल हाउस. १९४८ साली मार्शल योजनेच्या, म्हणजे महायुद्धानंतर अमेरिकेने युरोपला दिलेल्या, मदतीतून बंदरावर बांधलेला हा मासळीच्या भुकटीचा कारखाना. शहराने तो मासेमारी कंपनीकडून दीर्घ मुदतीच्या करारावर घेतला आणि पोटभाड्याने दिला. २०१७ पासून नीलो आणि क्लिंग अँड बँग तिथेच आहेत, ओलाफुर एलियासन या जगप्रसिद्ध कलावंताचा स्टुडिओही आहे. शहराने कलावंतांच्या हातात रोख फार ठेवली नाही; मुदत आणि जामीन दिला. माझ्या मते छोट्या जागी सरकारकडे मागायची पहिली गोष्ट अनुदान नाही, भाडेकरारच. किमान दहा वर्षांचा, भाडेवाढ लिहिलेली आणि दुरुस्ती कुणाची हे स्पष्ट केलेला. ‘छप्पर गळलं तर कोण बघणार’ हे कलम नसल्यामुळे बंद पडलेल्या जागा पैशाअभावी बंद पडलेल्यांपेक्षा कमी नसतील.

तिसरा आधार गॅलरीच्या वहीत दिसतच नाही: कलावंतांचं मानधन. २००९ च्या कायद्याने आइसलँडमध्ये वर्षाला एकूण १६०० महिन्यांचं मानधन वाटायचं ठरवलं, त्यातले ४३५ महिने दृश्यकलेचे. कुणाला तीन महिने, कुणाला सहा, कुणाला वर्ष किंवा त्याहून जास्त. २०२३ मध्ये महिन्याला साधारण पाच लाख क्रोना (तिथलं चलन) पडत होते, कर ज्याचा त्याने भरायचा. यातला छदामही गॅलरीला मिळत नाही. पण प्रदर्शनाआधीच्या सहा महिन्यांत कलावंताच्या घरात चूल पेटती राहिली की त्याला गॅलरीकडून उचल मागावी लागत नाही. जिथे असं मानधन नाही तिथे गॅलरीच सावकार होते, आणि उचल फिटेपर्यंत दोघांचे संबंध बिघडलेले असतात. यात खोट अशी की एवढ्याशा देशात सगळे एकमेकांचे मित्र, मेहुणे किंवा माजी सोबती. म्हणून निवड समितीची माणसं सतत फिरती ठेवावी लागतात, आणि तरीही कुरबुर होतेच.

एस्टोनियाने पैशाचा वेगळा झरा शोधला. तिथल्या सांस्कृतिक निधीला दारू, तंबाखू आणि जुगारावरच्या करातला ठरलेला वाटा मिळतो. त्यामुळे दरवर्षी मंत्र्याच्या दारात उभं राहायला नको. (आपल्याकडे कुणी हे सुचवून बघावं, दोन्ही बाजूंनी मोर्चे निघतील!) २०११ पासून तिथे सरकारी इमारतीच्या बांधकाम खर्चातला किमान एक टक्का कलाकृतीवर खर्च करण्याचा कायदाही आहे.

हे सगळं जमलं तरी कमाई बाहेरच करायची, म्हणजे आर्ट फेअर. तिथे हिशेब चुकतो तो असा. समजा स्टॉल, वाहतूक, विमा, विमानभाडं, राहणं धरून २० लाख रुपये लागले. वीस लाखांची विक्री झाली की खर्च निघाला असं वाटतं. पण निम्मे पैसे कलावंताचे, म्हणजे खर्च निघायलाच ४० लाख विकायला हवेत. त्यात गिऱ्हाईक दहा टक्के सूट मागतंच. ती दोघांनी वाटून घ्यायची म्हटलं तरी छापील किमतीने सुमारे साडेचव्वेचाळीस लाखांचा माल जायला हवा. सूट कुणी सोसायची आणि काम बनवण्याचा खर्च वाटणीच्या आधी वजा होणार की नंतर, हे दोन मुद्दे लेखी नसले तर पहिल्याच मोठ्या विक्रीला भांडण ठरलेलं.

दुसरं, कस्टम. आइसलँड युरोपीय आर्थिक क्षेत्रात आहे, पण युरोपीय संघाच्या सीमाशुल्क संघात नाही. त्यामुळे प्रत्येक पेटी सीमा ओलांडते. अशा वेळी एटीए कार्ने वापरतात. मालाचा हा पासपोर्टच, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. यादीत प्रत्येक वस्तूचा क्रमांक, वजन आणि किंमत लिहायची, आणि जाता-येता प्रत्येक नाक्यावर शिक्का घ्यायचा. काम विकलं गेलं तर तेवढ्या वस्तूचा आयातकर त्या देशात भरून ती नोंद बंद करायची. घाईत परतीचा एक शिक्का राहिला की माल तिथेच विकला असं धरून कर मागतात. तीन भागांचं शिल्प यादीत ‘एक नग’ म्हणून लिहिलं आणि एकच भाग विकला गेला, तर मात्र पुरता खोळंबा होतो. भारतात हे कार्ने फिक्की ही उद्योगांची संघटना देते.

चलनाची जोखीम वेगळीच. ऑक्टोबर २००८ मध्ये आइसलँडच्या तिन्ही मोठ्या बँका कोसळल्या. क्लिंग अँड बँगने नेमकं त्याच महिन्यात लंडनच्या फ्रीझ फेअरमध्ये रेक्याविकमधला एक बंद पडलेला बार जसाच्या तसा उभा केला होता. घरी क्रोनाची माती होत असताना! पुढच्याच वर्षी व्हेनिस बिएनाले या दर दोन वर्षांच्या जागतिक कलाप्रदर्शनात आइसलँडच्या रॅग्नार क्यार्तान्सनने एका जुन्या महालात सहा महिने रोज एकाच मित्राचं चित्र काढलं, एकूण १४४. सामान काय, तर कॅनव्हास, रंग, बिअर आणि सिगारेटी. तंगीत खर्च यंत्रसामग्रीवर न करता वेळेवर करावा, ही अक्कल त्यातून घेण्यासारखी आहे. आय-एटने पुढे मार्शल हाउसमध्ये काढलेल्या दुसऱ्या दालनाचा बेतही याच वळणाचा वाटतो. २०२२ पासून तिथे एक प्रदर्शन वर्षभर चालतं: वाहतूक एकदा, मांडणी एकदा, उद्घाटन एकदा.

कलावंत मोठा झाला की बर्लिन-लंडनची गॅलरी त्याला उचलते. अडवू नका. घरच्या बाजारपेठेचे हक्क आपल्याकडे ठेवा आणि बाहेरच्या विक्रीत आपला छोटा टक्का आधीच लिहून घ्या. तो कलावंत नाव सांगायला तरी उरतो, आणि फेअरच्या निवड समितीपुढे तेच उपयोगी पडतं.

आता गोवा. पणजीत सुनापरांत हे कलाकेंद्र आहे, पिळर्णला सुबोध केरकरांचं म्युझियम ऑफ गोवा आहे, २०१६ पासून डिसेंबरात सेरेंडिपिटी हा कला महोत्सव भरतो. म्हणजे बघायला येणारे आहेत. कमी आहे ती नीलोसारखी, सात-आठ कलावंतांनी वर्गणी काढून बाराही महिने चालवलेली स्वस्त जागा. तिथूनच सुरुवात करा. विक्रीचं दालन तीन-चार वर्षांनी बघा, आणि पहिल्या दिवसापासून प्रत्येक कामाचा फोटो, माप, साल, माध्यम लिहून ठेवा.

आणि जागा निवडताना पावसाळ्यात एकदा भिंतीला हात लावून या. चिऱ्याच्या जुन्या भिंती जूनपासून पाणी पितात. कागदावरचं काम थेट टांगलं की फ्रेमच्या मागे दोन-तीन आठवड्यांत बुरशी धरते. फ्रेमच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना सेंटीमीटरभर जाडीचे बुचाचे तुकडे चिकटवा म्हणजे मागून हवा खेळते, आणि आर्द्रता पन्नास-पंचावन्न टक्क्यांच्या आसपास राहील असा डीह्युमिडिफायर दिवसरात्र चालू ठेवा. त्याचं वीजबिल पहिल्याच अंदाजपत्रकात धरा.