पायरीवर बसलेला पक्षकार

सातारा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचा दीड पानी मसुदा, दोन्ही सावकाश वाचलं. तुम्ही तिघं मिळून वकिलीची फर्म काढताय, क्लार्क-टायपिस्ट धरून सात माणसं होणार, आणि बोर्ड लावायच्या आधीच तुम्ही लिहायला बसलात: समाजासाठी काय करू, ऑफिसात कुणाला परकं वाटू नये म्हणून काय करू, आपल्या माणसांची काळजी कशी घेऊ. मला फार आनंद झाला. आमच्या वेळी हे कुणी बोलतसुद्धा नव्हतं. मसुद्यावर मी पेन्सिलने खुणा केल्यात. जिथे जिथे 'आम्ही कटिबद्ध आहोत' असं आलंय, तिथे पुढे लिही, की हे कोण करणार, कोणत्या वारी आणि पैसे कुठून येणार. लिहिता येत नसेल तर ती ओळ काढून टाक.

माझं पहिलं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं. कोयनेच्या धरणग्रस्त कुटुंबातला एक पक्षकार होता. पर्यायी जमीन मिळालेली, कसतही होते, पण सातबारा नावावर झालेला नव्हता. त्याच्या तीन तारखा झाल्या तरी मी त्याला पाहिलं नव्हतं. क्लार्क खाली जायचा, सही घेऊन यायचा, मला कागद मिळायचा. एका दुपारी मी खाली उतरले, तर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर एक माणूस बसलेला. कुबडी भिंतीला टेकवलेली, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत कागद. लहानपणी पोलिओ झालेला. मला बघून म्हणाला, "मॅडम, वरनं तुमचा आवाज येतो. तेवढ्यानं बरं वाटतं."

मी तिथेच पायरीवर बसले आणि त्याची पिशवी उघडली. आमच्या दाव्यात जुना सर्व्हे नंबर लागला होता, आणि गट नंबराचा उतारा त्या पिशवीत तसाच पडून होता. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. दुरुस्तीचा अर्ज दिला, काम मार्गी लागलं. पुढच्या महिन्यात मी तळमजल्यावर जागा घेतली, भाडं जवळपास दीडपट. तुझ्या मसुद्यात अपंग व्यक्तींना सन्मानाने वागवण्याबद्दल चार ओळी आहेत आणि तुम्ही बघितलेली जागा पहिल्या मजल्यावर आहे. आधी जागा बदला.

'गरजूंना मोफत सेवा' हे वाक्य फार मोघम झालंय. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ पुन्हा एकदा वाच. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं, अपंग, कोठडीतले आरोपी, औद्योगिक कामगार, पूर-दुष्काळ-भूकंपासारख्या आपत्तीत सापडलेले, यांना मोफत वकील हा हक्क आहे. बाई कमावती असली तरी आहे. आपल्याकडे फी घेऊन येणाऱ्या कितीतरी जणींना हे माहीत नसतं, आणि ते सांगितल्याने आपलं एक काम जातं. तरी सांगायचं. वकीलपत्रावर सही घेण्याआधी सांगायचं. आणि मोफतचं काम घेतलंस तर त्याची तारीख त्याच डायरीत, त्याच शाईने. फुकटचं काम म्हणून ज्युनिअरला मुदतीचा अर्ज देऊन पाठवायचं, हे मी उमेदवारीच्या काळात ज्या ऑफिसात बसले तिथे रोज पाहिलंय. त्या पक्षकारांचे चेहरे अजून आठवतात.

जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मीरगावला दरडी कोसळल्या. मदत घेऊन खूप गाड्या गेल्या, धान्य गेलं, कपडे गेले. पण अशा वेळी महिनाभराने खरी अडचण सुरू होते. मृत्यूचा दाखला, वारस नोंद, बँकेचं पासबुक, रेशनकार्ड, गाडलं गेलेलं आधार कार्ड. प्रत्येक टेबलावर दुसऱ्या टेबलाचा कागद मागतात. वकिलाने धान्याच्या गाडीत बसून जायची गरज नाही, ते करणारे आहेत. आपण महिनाभराने जायचं, कोरे अर्ज आणि नोटरी घेऊन. तुझ्या मसुद्यात 'वर्षातून दोन शिबिरं' आहेत. त्यापेक्षा एकच गाव धरा आणि तिथे वर्षभर दर महिन्याला जा. दुसऱ्या खेपेपासून बायका बोलायला लागतात.

बायकांवरून हक्कसोडपत्र आठवलं, म्हणजे मिळकतीतला आपला हक्क सोडल्याचा दस्त. हे काम तुमच्याकडे नक्की येणार, दिवाळीनंतर तर रांग लागते. भाऊ बहिणीला घेऊन येतो, तिने सही घरून गिरवून आणलेली असते. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानेच मुलाइतका हक्क मिळाला. त्या वेळी वडील हयात असायची अट नाही, हे सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. आमच्या ऑफिसात एक रीत आहे. दस्त तिला मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि तेवढा वेळ भावाने बाहेर बसायचं. एकीने सगळं ऐकलं, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "समजलं. पण माहेर तुटंल ना मॅडम." आणि तिने सही केली. दुसरी उठून गेली, परत आली नाही. त्या भावाने फीचे पैसे परत मागितले, मी दिले. समावेशन हा तुझा शब्द मला याच खोलीत कळतो.

आता आतल्या माणसांबद्दल. मी उमेदवारी केली त्या ऑफिसात बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं. सकाळी घरून निघाले की संध्याकाळपर्यंत पाणी प्यायचे नाही. दोन वर्षांत मूत्रमार्गाचा संसर्ग तीनदा झाला, आणि हे सांगायचं कुणाला? पगारही नव्हता, 'शिकायला मिळतंय' एवढंच. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअरला शहरात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली. ती बंधनकारक नाही, पण तुम्ही पाळा. नाहीतर ज्यांच्या घरी शेती किंवा वकिलीचा वारसा आहे तीच मुलं तुमच्याकडे टिकतील, आणि तुझा समावेशनाचा परिच्छेद तिथेच संपेल.

मुलाखतीत 'गाव कुठलं, कुणाचे तुम्ही' हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत विचारू नका. आपल्या भागात तो कशासाठी विचारतात हे समोरच्या पोराला पक्कं ठाऊक असतं. मराठी माध्यमातून आलेल्याला बुजवू नका. आपल्या कोर्टाची भाषा मराठी आहे, त्याची कैफियत, म्हणजे दाव्याला दिलेलं लेखी उत्तर, तुमच्यापेक्षा चांगली निघेल. आणि ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आलंय, तर त्याला पहिल्या वर्षापासून सोबत न्या, इंग्रजी तिथे ऐकून येतं.

दहा माणसांच्या आत असलात तर लैंगिक छळाची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. त्या समितीची माहिती भिंतीवर लावा, सगळ्यांना दिसेल अशी.

ऑफिस किती वाजता बंद करायचं ते मेढ्याच्या शेवटच्या एसटीवर ठरवा. माझी एक ज्युनिअर मेढ्याहून यायची. सहाच्या पुढे तिची नजर कागदावर नसायची, घड्याळावर असायची, आणि मी तिला कामचुकार समजत होते. तिला शेवटची एसटी गाठायची असते, हे मला तिच्या आईकडून कळलं. त्या दिवसापासून आमच्याकडे साडेपाचनंतर नवं काम कुणाला देत नाहीत.

पोक्सोची, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची प्रकरणं एकट्या माणसाकडे देऊ नकोस. सहा वर्षांच्या मुलीचा जबाब टाइप करून आमचा टायपिस्ट दोन दिवस जेवला नव्हता. तो पन्नाशीचा, दोन मुलींचा बाप, त्याला कुणी विचारेल असं त्याला वाटलंच नाही. आता अशी फाइल दोघांत असते, आणि साक्ष झाली की दुसऱ्या दिवशी त्यांना कोर्ट नाही. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आमच्या फोनशेजारी चिकटवलेला आहे. टायपिस्टने त्या नंबरावर फोन केला होता, हे त्याने मला पुढे बऱ्याच दिवसांनी सांगितलं.

पोवई नाक्याजवळ तळमजल्यावरची एक जागा रिकामी होतेय. मागे स्वच्छतागृह आहे, दाराशी दोनच पायऱ्या. उतार करता येईल का ते मोजून बघू. शनिवारी अकराला ये, येताना टेप आण, आणि तुमच्या टायपिस्टला घेऊन ये. खिडकी कुठे हवी ते त्याला विचारू.

तुझी,
मॅडम