आसऱ्याला आणलेली कुत्री पलंगाखालून बाहेर येत नाही

प्रश्न : रस्त्यावर लंगडत फिरणारी, हाडे दिसावीत इतकी खंगलेली एक भटकी कुत्री आम्ही नुकतीच घरी आणली आहे. कायमचे घर मिळेपर्यंत तिला सांभाळण्याचा विचार आहे. मात्र ती पलंगाखालून बाहेर येत नाही, आमच्यासमोर अन्नाला तोंड लावत नाही आणि हात पुढे केला की गुरगुरते. तिला आंघोळ घालावी, भरपूर खाऊ घालावे आणि आमच्या पाळीव कुत्र्याशी ओळख करून द्यावी, म्हणजे ती रुळेल, असे घरचे म्हणतात. तसे करावे का?

उत्तर : या गोष्टी यथावकाश करता येतील, पण आज त्यांतली एकही नको. सर्वांत आधी तिच्या पोटाकडे पाहा. स्तन भरलेले किंवा ओघळलेले असतील, तर ती सापडली त्या परिसरात तिची पिल्ले उपाशी असू शकतात, आणि मग त्यांचा शोध घेण्याइतके तातडीचे दुसरे काही नाही. त्यानंतर लगेच पशुवैद्यांकडून पाय, हिरड्या व रक्त तपासून घ्या. ती कोणाची हरवलेली असल्यास मायक्रोचिपवरून (कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या चिपवरून) तेही कळेल. माणसांची वेदनाशामक गोळी चुकूनही देऊ नका. आयब्युप्रोफेनसारखे नेहमीचे औषध कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडांना गंभीर इजा करते.

भरपूर खाऊ घालण्यामागची माया कळते, पण दीर्घ उपासमारीनंतर एकदम खूप अन्न पोटात गेले की पेशी रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम झपाट्याने ओढून घेतात, रक्तातील त्यांची पातळी घसरते आणि त्यात हृदय बंद पडून जीवही जाऊ शकतो. म्हणून पशुवैद्य सांगतील तेवढेच अन्न, दिवसभरात थोडे थोडे विभागून द्या. भांडे पलंगाजवळ ठेवून खोलीबाहेर जा. माणसे समोर नसली की ती बहुधा खाईल.

आपल्या कुत्र्याची भेट किमान 14 दिवस लांबवा. पार्व्हो आणि डिस्टेंपर या रोगांची लक्षणे लागण होताच दिसत नाहीत, आणि पार्व्होचा विषाणू तर हातांवरून, चपलांवरूनही घरभर पसरतो. दोघांची भांडी व अंथरूण वेगळे असू द्या, आधी आपल्या कुत्र्याचे करून मग तिच्याकडे जा, आणि त्याच्या लसी वेळेवर झाल्या आहेत याची खात्री करा.

गुरगुरण्याबद्दल तिला कधीही रागावू नका. ती तिची सूचना आहे, आणि सूचना देण्याची शिक्षा मिळालेला कुत्रा पुढे न गुरगुरताच चावू शकतो. तिच्याकडे टक लावून न पाहता, अंग थोडे वळवून, जमिनीवर शांतपणे बसा. ती ओठ चाटत असेल, झोप नसताना जांभया देत असेल किंवा मान न वळवता डोळ्यांचे पांढरे दाखवत असेल, तर अजून अंतर हवे आहे असे समजा. हात पुढे करण्याऐवजी तिलाच येऊन हुंगू द्या; याला कित्येक आठवडेही लागू शकतात. चावलीच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडून रेबीजवरील उपचार सुरू करा.

आंघोळ जखमा भरल्यावर घालावी. नसबंदी आणि लसीकरण ती सशक्त झाल्यावर पशुवैद्यांच्या सल्ल्याने करून घ्या, आणि नव्या घरी पाठवताना उपचारांच्या कागदांबरोबर तिला कशाची भीती वाटते हेही लिहून द्या.