अवकाशकाल आणि समांतर विश्व: कोणता शब्द वापरावा?

साताऱ्याच्या एका शिक्षिकेने विचारलं आहे: 'अकरावीची मुलं समांतर विश्वांबद्दल सारखी विचारतात. तिथे आणखी एक मी असेन का, तिथला वेळ वेगळा चालतो का... त्यांना मराठीत सांगताना स्पेस-टाइमला काय म्हणू? अंतराळ-काळ, स्थळकाळ की अवकाश-काल? आणि समांतर विश्व हा शब्द बरोबर आहे ना?'

अंतराळ नको. पृथ्वीच्या वातावरणापलीकडे सुरू होतं ते अंतराळ; आइन्स्टाइनचा स्पेस तुमच्या वर्गात फळा आणि बाकांच्या मधेही आहे. स्थळकाळ म्हटलं की 'स्थळकाळाचं भान ठेव' हेच आधी आठवतं. दिक्काल मात्र देखणा शब्द. केशवसुतांनी 'आम्ही कोण?'मध्ये कवीची दृष्टी 'दिक्कालांतुनि आरपार' पाठवली आहे. पण वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनाने मानलेल्या नऊ द्रव्यांत दिक् आणि काल ही दोन वेगळी द्रव्यं आहेत, आणि आधुनिक भौतिकशास्त्राने मोडून काढलं ते नेमकं हेच वेगळेपण.

माझं मत अवकाशकाल या शब्दाला. कारण 'अवकाश' आपल्याकडे मुळातच दोन्हीकडे वावरतो. 'कासच्या फुलांना अजून अवकाश आहे' असं आपण जूनमध्ये म्हणतो, तेव्हा तो काळ असतो. 'दोन ओळींमधला अवकाश' ही जागा. 'बाई वर्गात येण्याचा अवकाश, की सगळे गप्प' यात तो जेमतेम क्षणभराचा. मूळ अर्थ मोकळीक, मधलं अंतर. ते जागेचं की वेळेचं हे वाक्य ठरवतं. (हिंदीत तो सुट्टीवर गेला, तीही काळाचीच मोकळीक.) इतका तयार शब्द हाताशी असताना दुसरा शोधायचा कशाला?

आता 'अवकाश-काल'मधली ती छोटी रेघ. १९०८ साली जर्मनीतल्या कलोनच्या व्याख्यानात गणितज्ञ हेर्मान मिंकोव्हस्कीने सांगितलं की नुसता अवकाश आणि नुसता काळ यापुढे सावल्यांसारखे विरतील, टिकेल तो दोघांचा संयोग. मग रेघ देऊन त्यांना पुन्हा वेगळं का करायचं? 'आईवडील आले' यात माणसं दोन, क्रियापद अनेकवचनी. 'चहापाणी झालं' यात मात्र सगळं मिळून एकच. अवकाशकाल हा चहापाण्याच्या जातीचा समास मानावा आणि एकवचनी चालवावा: 'सूर्याजवळ अवकाशकाल वक्र होतो'. 'होतात' लिहिलं की सिद्धांतच चुकला.

वेळ वेगळा चालण्यासाठी दुसरं विश्व लागत नाही, हेही मुलांना जरूर सांगा. पोवई नाक्यावर उभं राहून मोबाइलवर वाईचा रस्ता शोधला, तर तो दाखवणारे जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात. तिथलं घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातं. तेवढ्या वेळात प्रकाश ११ किलोमीटरहून जास्त अंतर कापतो, म्हणून ही दुरुस्ती आधीच करून ठेवलेली असते.

'समांतर विश्व' रूढ झालाय, बोलण्यात राहू द्या. तरी त्यातली दोन्ही पदं मला खटकतात. 'विश्व' म्हणजे मुळात सगळं, सर्व. वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभा केला तो विश्वकोश, म्हणजे सर्वच विषयांचा. 'सगळं' एकाहून जास्त कसं असेल? अशा अनेक विश्वांच्या समूहाला बहुविश्व म्हणतात, ते ठीक आहे. तिथे 'विश्व' म्हणजे आपलं एवढंच, असं आधी सांगून टाकावं.

'समांतर'ची अडचण मोठी आहे. समांतर रेषा कुठेच एकत्र नसतात. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ ह्यू एव्हरेटने १९५७ साली मांडलेल्या कल्पनेत मात्र विश्वं एकाच मुळातून फुटतात: क्वांटम (अणूंच्या पातळीवरच्या) घटनेच्या जेवढ्या शक्यता, त्या साऱ्या घडतात, प्रत्येक आपापल्या शाखेत. तिथे 'शाखा' हाच शब्द नेमका. याला प्रयोगाचा पुरावा अजून नाही, हे त्याच दमात सांगायला हवं.

आणि मुलांना हे व्याकरणातून सांगता येईल. '१७६१ साली पानिपतावर मराठे जिंकले असते तर...' (नारळीकरांच्या कथेमुळे हा दाखला अनेकांच्या ओळखीचा आहे.) हा आपला संकेतार्थ. 'असते' म्हणताच ऐकणाऱ्याला कळतं की तसं घडलं नाही. एव्हरेट खरा असेल आणि तशी एखादी शाखा असेल, तर तिथला सातारकर साध्या भूतकाळात म्हणेल, 'मराठे जिंकले', आणि 'हरले असते तर' यावर त्याच्या वर्गात निबंध लिहायला देतील. त्या शाखेतला 'मी' मीच का, याचं उत्तर मात्र सर्वनामाकडे नाही. फाटा फुटेपर्यंत दोघांचा भूतकाळ एक होता, एवढंच म्हणता येतं.