अकरा पुस्तकांची यादी

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची ती मुलगी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या खोलीत आली तीच मोबाईल पुढं धरून. भौतिकशास्त्र आणि गणिताच्या अकरा पुस्तकांची यादी. वडील गुळाच्या अडतीवर हमाली करतात. त्यातली दोन पुस्तकं त्यांनी उसनवारी करून घेऊन दिलेली. "मॅडम, आता पुढचं कुठलं घेऊ? चुकीचं घेतलो तर वर्ष वाया जाईल ओ."

हा प्रश्न माझ्याकडं दरवर्षी येतो. मी यादी बाजूला ठेवली आणि पिशवीतलं पुस्तक मागितलं. ग्रिफिथ्सचं इलेक्ट्रोडायनॅमिक्स, म्हणजे वीज आणि चुंबकत्वाचं पाठ्यपुस्तक. त्याचं पहिलं प्रकरण सगळं व्हेक्टरच्या, म्हणजे सदिशांच्या गणिताचं. पेन्सिलच्या खुणा त्यातल्या ग्रेडियंट या मुद्द्यापाशी थांबलेल्या, पुढची पानं कोरी करकरीत.

कागदावर एक्सचा वर्ग गुणिले वाय लिहून म्हटलं, "एक्सच्या बाबतीत पार्शल डेरिव्हेटिव्ह काढ," म्हणजे फक्त एक्स बदलतो असं धरून. तिनं दोन एक्स लिहिलं.

"वाय कुठं गेला?"

"स्थिर धरायचा ना? मग शून्य."

"बरं, पाच एक्सच्या वर्गाचं?"

"दहा एक्स." मग थांबली. पाचही स्थिरच, पण गुणाकारात असल्यानं तो तसाच राहिला, हे तिचं तिलाच दिसलं. काही न बोलता तिनं आधीच्या उत्तरात वाय लिहिला.

यादीतलं तिसरं पुस्तक घेतलं असतं तरी ती इथंच अडली असती. भौतिकशास्त्रात अडलोय असं मुलांना वाटतं, पण गाठ बऱ्याचदा गणितात असते. म्हणून आधी पहिल्या वर्षाचं कॅल्क्युलसचं पुस्तक, तेही कॉलेजच्या लायब्ररीतून. विकत घ्यायचंच झालं, तर एकच विषय तीन पुस्तकांत शेजारी ठेवून वाचायचा, सोडवलेल्या उदाहरणाचं उत्तर हातानं झाकायचं आणि वहीत करून बघायचं. जे पुस्तक हातात पेन धरायला लावतं, ते आपलं.

भौतिकशास्त्रज्ञ फाइनमन यांच्या व्याख्यानांची पुस्तकं समजत नाहीत म्हणून ती रडकुंडीला आली होती. ती व्याख्यानं 1961 ते 1963 मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेच्या विद्यार्थ्यांना दिलेली; इंटरनेटवर अधिकृतपणे फुकट वाचता येतात. पण त्या खंडांत धड्यामागं स्वाध्याय नाहीत. मुख्य पुस्तकाच्या जोडीला ती जरूर वाचावीत. एकट्या त्यांच्यावर हात बसत नाही, आणि त्यात तिची काही चूक नव्हती.

तीन आठवड्यांनी आली तेव्हा ग्रिफिथ्समधल्या खुणा पुढच्या डायव्हर्जन्स या मुद्द्याच्याही पुढं सरकल्या होत्या. नवीन पुस्तक घेतलं नव्हतं. त्यानंतरच्या कर्ल या मुद्द्याबद्दलची एक शंका मात्र वहीत लिहून आणली होती. ती घेऊन तिला तिच्या सरांकडं पाठवलं.