ईसीजी नॉर्मल, तरी लोकलमध्ये जीव घाबरा होतो

प्रश्न : मी डोंबिवलीत राहते, वय 31, नोकरी ठाण्यात. दोन महिन्यांपूर्वी सकाळच्या फास्ट लोकलमध्ये अचानक छातीत धडधडू लागलं, श्वास पुरेना, बोटं मुंग्या येऊन वाकडी झाली. वाटलं, आता काही मी वाचत नाही. ईसीजी, टूडी इको, थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन सगळं नॉर्मल आलं. त्यानंतर असंच आणखी तीनदा झालं. आता सोबत कुणी असेल तरच लोकलने जाते, पर्समध्ये पाण्याची बाटली आणि ओवा ठेवते. हार्टचं काही राहून तर गेलं नसेल ना?

उत्तर : तुम्ही लिहिलेली लक्षणं पॅनिक अटॅकची, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्याची आहेत आणि आवश्यक तपासण्या झालेल्या आहेत, तेव्हा दर आठवड्याला नवा ईसीजी काढू नका. जिना चढताना छातीत दुखलं आणि थांबल्यावर कमी झालं, दुखणं हातात किंवा जबड्यात गेलं, किंवा शुद्ध हरपली, तर मात्र पुन्हा डॉक्टरांकडे जायला हवं.

बोटं वाकडी का झाली, हे नीट समजून घ्या, कारण तिथेच निम्मी भीती अडकलेली असते. घाबरल्यावर श्वास भराभर चालतो आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो. त्यामुळे रक्त किंचित अल्कधर्मी होतं, त्यातलं मोकळं कॅल्शियम घटतं आणि नसा नको तितक्या संवेदनशील होतात. म्हणून मुंग्या येतात, बोटं आखडतात. मेंदूच्या रक्तवाहिन्याही आकसतात, म्हणून गरगरतं, आजूबाजूचं सगळं परकं वाटतं. ऑक्सिजन मात्र भरपूर असतो. श्वास पुरत नाही असं वाटतं तेव्हा तुम्ही प्रत्यक्षात जास्तच श्वास घेत असता. ‘दीर्घ श्वास घे’ हा सल्ला इथे उलटा पडतो तो यामुळेच. नाकाने हलका श्वास चार आकडे मोजत आत घ्या, सहा आकडे मोजत सोडा. छाती नाही, पोट हललं पाहिजे. घरी निवांत असताना रोज दोनदा पाच-पाच मिनिटं हा सराव करा, नाहीतर गर्दीत ऐन वेळी तो जमत नाही.

चक्कर येऊन पडाल ही भीतीही बहुतेकांना असते. शुद्ध हरपते ती साधारणपणे रक्तदाब एकदम उतरला की. पॅनिकमध्ये तो सहसा चढलेला असतो. अटॅक बहुधा दहा मिनिटांच्या आत शिगेला पोचतो आणि मग तुम्ही काहीही केलं नाहीत तरी उतरू लागतो.

खरी अडचण पुढे आहे. तुम्ही सोबत शोधता, बाटली धरता, ओवा चघळता आणि अटॅक ओसरतो. त्याचं श्रेय ओव्याला मिळतं आणि लोकल धोक्याची आहे हा समज पक्का होतो. म्हणून हे आधार एकेक करून सोडायचे. आधी ओवा घरी ठेवा, मग बाटली, शेवटी सोबत. दुपारच्या कमी गर्दीत स्लो लोकलने डोंबिवली ते कोपर एवढंच जा. भीतीला 0 ते 10 गुण द्या. रोज तोच प्रवास करून ती 3-4 वर आली की दिवा, मुंब्रा, मग ठाणे. त्यानंतर दुपारची फास्ट आणि अगदी शेवटी सकाळची. भीती 8 वर असताना उतरू नका. उतरावंच लागलं तर फलाटावर बसा आणि पुढच्या गाडीने ठरलेल्या स्टेशनापर्यंत जाच. घरी परतलात तर पुढच्या वेळी चढणं आणखी जड जातं.

कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलणारा मानसोपचार) यात हेच पद्धतशीरपणे करून घेतात, एकूण साधारण 7 ते 14 तास. त्यात एक मिनिट मुद्दाम भराभर श्वास घ्यायला किंवा खुर्चीत गोल फिरायला लावतात, म्हणजे गरगरणं आणि धडधड यांचीच भीती मोडते. दमा, फिट्स, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

प्रश्न : माझा मुलगा 19 वर्षांचा, साताऱ्याहून पुण्याला शिकायला गेला आहे. सुट्टीत घरी त्याला असा अटॅक आला. आम्ही गोळा झालो, कांदा हुंगवला, सासूबाईंनी दृष्ट काढली. नेमकं काय करायचं असतं?

उत्तर : गर्दी हटवा आणि एकानेच त्याच्याशी बोला : ‘मी इथेच आहे. हे दहा-वीस मिनिटांत ओसरतं.’ कांदा नको, तोंडावर कागदी पिशवी तर मुळीच नको. दमा किंवा हृदयविकार असेल तर ती धोक्याची ठरते. ‘तुला काहीही झालेलं नाही’ असं म्हणू नका. त्याला जे होतंय ते खरंच होतंय. हा अटॅक पहिलाच असेल किंवा छातीत दुखणं थांबत नसेल, तर अंदाज बांधत न बसता 108 ला फोन करा. नंतर शांतपणे चहा-कॉफी, एनर्जी ड्रिंक आणि जागरणाची चौकशी करा. परीक्षेच्या काळात मुलं यांच्यावरच दिवस काढतात आणि धडधड त्याने वाढते.

प्रश्न : पॅनिक अटॅक आला की केमिस्टने दिलेली अल्प्राझोलम ही मन शांत करणारी गोळी घेते आणि लगेच बरं वाटतं. रोज घेऊ का?

उत्तर : नको. पोटात गेलेल्या गोळीचा परिणाम जाणवायला साधारण अर्धा तास लागतो, तोवर अटॅक आपोआप उतरणीला लागलेला असतो. पण मनात नाव राहतं ते गोळीचं. काही आठवडे रोज घेतली की सवय लागते. आधीच रोज घेत असाल तर एकदम बंदही करू नका, फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करा. औषध लागलंच तर मानसोपचारतज्ज्ञ सर्ट्रालिन किंवा एस्सिटालोप्राम यांसारखं औषध कमी मात्रेत सुरू करतात. पहिले एक-दोन आठवडे अस्वस्थता थोडी वाढू शकते, आणि नेमकं तेव्हाच बरेच जण ते सोडून देतात. गुण यायला चार-सहा आठवडे लागतात. जवळपास तज्ज्ञ नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं.