बायकोचा भाऊ दोन रात्री घरी राहिला, आता आमच्यावर केस होईल का?

भांडुपच्या एका वाचकांनी विचारलंय. सोमवारी रात्री साडेअकराला त्यांचा मेव्हणा दारात उभा, हाताला रुमाल गुंडाळलेला, म्हणाला गाडीवरून पडलो, दोन दिवस राहतो. ठेवून घेतला. मंगळवारी रात्री चुलतभावाचा फोन आला की घाटकोपरला भांडणात यानेच एकाला चाकू मारलाय, तो आयसीयूत आहे, पोलीस याला शोधतायत. बायको रडायला लागली, मग बुधवारी पहाटे यांनी त्याच्या हातात तीन हजार ठेवले आणि स्कूटरवर कुर्ला टर्मिनसला सोडून आले. आता पोलीस स्टेशनमधून फोन, 'दोघं येऊन जा, जरा बोलायचंय.' एक मित्र म्हणतो सख्ख्या बहिणीला काय होत नाही, दुसरा म्हणतो चॅट डिलीट मारा.

दादा, आधी या दोन्ही मित्रांना चहा पाजून घरी पाठवा.

गुन्हेगाराला आसरा देणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम 249 मध्ये येतं, जुन्या आयपीसीत हेच 212 होतं, 1 जुलै 2024 पासून नंबर बदललाय, बाकी गाभा तोच. त्यात दोन गोष्टी लागतात. समोरच्याने गुन्हा केलाय हे तुम्हाला माहीत हवं किंवा तसं मानायला सबळ कारण हवं, आणि त्याला कायद्याच्या शिक्षेतून वाचवायचा तुमचा इरादा हवा. म्हणून सोमवारच्या रात्रीची मला फारशी काळजी नाही. पाहुणा आला, जेवला, झोपला, यात गुन्हा कसला? आता सरकारी वकील रुमालाचं काढेल, जखम बघून विचारलं का नाही म्हणेल, पण गाडीवरून पडलेला माणूस मुंबईत रोज कुणाच्या ना कुणाच्या घरी येतो, तेवढ्याने संशय यायलाच हवा होता असं म्हणणं जड जाईल.

अडचण चुलतभावाच्या फोननंतरची आहे. त्यानंतर तो रात्रभर तुमच्याकडेच झोपला आणि पहाटे पैसे आणि स्कूटर. लोकांना वाटतं आसरा म्हणजे फक्त घरात लपवणं. तसं नाहीये, व्याख्येत जेवण, पैसे, कपडे, गाडीची सोय, पकडलं जाऊ नये म्हणून केलेली कुठलीही मदत, सगळं धरलंय. म्हणजे तुम्ही त्याला घरात ठेवलं त्यापेक्षा घरातून सोडायला गेलात ते जास्त महागात पडू शकतं.

बहिणीचं म्हणाल तर सूट आहे, पण ती फक्त नवरा-बायकोला. गुन्हेगाराच्या बायकोने त्याला लपवलं तर हे कलम तिला लागत नाही. आई, बाप, बहीण, बहिणीचा नवरा यांना सूट नाही. मला स्वतःला हे पटत नाही, आईने पोराला दारातून हाकलावं ही अपेक्षा कायदा करतो आणि बायकोकडून करत नाही, पण आज कायदा असाच आहे.

शिक्षा मूळ गुन्ह्यावर ठरते. खुनाच्या प्रयत्नात माणूस जखमी असेल तर जन्मठेपेपर्यंत जाऊ शकतं, त्यामुळे आसऱ्याला जास्तीत जास्त तीन वर्षं आणि दंड. देव न करो पण तो आयसीयूतला माणूस दगावला तर गुन्हा खुनाचा होतो आणि तिथे आसऱ्याची कमाल पाच वर्षं आहे, अर्थात तुम्हाला त्या वेळी काय माहीत होतं यावर तुमचा वकील वाद घालेलच. मेव्हणा कुठल्या टोळीत वगैरे नाहीये ना? मकोका, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा, लागला तर आसरा देणाऱ्यालाच पाच वर्षं ते जन्मठेप आणि किमान पाच लाख दंड, मग मी लिहिलेलं अर्धं बाद.

दिलाशाची गोष्ट ही की 249 जामीनपात्र आहे, जामीन तुमचा हक्क आहे, त्यामुळे अटकपूर्व जामिनासाठी लाखभर सांगणारा कुणी भेटला तर आधी त्याला विचारा कुठल्या कलमासाठी. पोलिसांनी तुम्हाला मूळ चाकूच्या गुन्ह्यातच गोवलं तरच तो विषय येतो.

नुसत्या फोनवरून पोलीस स्टेशनला जाऊ नका, लेखी नोटीस मागा, नीट बोलून, हुज्जत नको. नोटीस बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, पोलीस तपासाच्या पद्धतीचा कायदा) कलम 179 ची असेल तर ते तुम्हाला साक्षीदार समजतायत. 35(3) ची असेल तर संशयित, आणि ती आली तर न जाणं म्हणजे अटकेला आमंत्रण. 179 मध्ये बाईला पोलीस स्टेशनला बोलावता येत नाही, तिचा जबाब घरी येऊन घ्यायचा, तेव्हा वहिनींना सोबत नेऊ नका. वकील गाठूनच जा, पैसे नसतील तर वहिनींना विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, बाईला उत्पन्नाची अट नाही. जबाबात खोटं बोलायचं नाही, पण ज्या उत्तराने तुम्ही स्वतःच आरोपी व्हाल ते न देण्याचा हक्क आहे, आणि पोलिसांपुढच्या जबाबावर सही करायची नसते. 'तो आलाच नव्हता' हे तर तोंडातून काढू नका, टॉवर लोकेशन आहे, स्टेशनचे कॅमेरे आहेत, आणि गुन्हेगाराला वाचवायला खोटी माहिती देणं हे वेगळं कलम, न्याय संहितेचं 238. चॅट डिलीट केलंत तर पुरावा नष्ट केल्याचं अजून एक. चुलतभावाचा कॉल मंगळवारी रात्रीचा आहे हे तुमच्याच फोनमध्ये दिसतंय, सोमवारी तुम्हाला माहीत नव्हतं याचा तोच तर पुरावा, तो कशाला पुसताय?

आणि तीन हजार किती दिवस पुरणार, त्याचा फोन येणारच. जीपे करू नका, कुणाच्या हाती पाठवू नका. वहिनींनाच बोलू दे, भाऊ त्यांचंच ऐकेल, एवढंच सांगायचं की वकील बघून ठेवलाय, त्याच्यासोबत हजर हो. आणि हे बोलणं झालं की लगेच तुमच्या वकिलाच्या कानावर घाला.