खुराड्यात बल्ब लावू का? बँटम कोंबड्या आणि कडाक्याची थंडी

तुमच्याकडे सहा बँटम, म्हणजे लहान चणीच्या कोंबड्या आहेत, त्यांतल्या दोन सिल्की, म्हणजे मऊ केसाळ पिसांच्या जातीच्या. त्यांचा हा पहिलाच हिवाळा आहे आणि रात्री पारा शून्याखाली उतरतोय. अशा वेळी खुराड्यात गरम बल्ब लावावा का आणि सगळ्या फटी बुजवाव्यात का, असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं बँटम पाळतोय, म्हणून आधी उत्तर देतो आणि मग कारण सांगतो. बल्ब लावू नका. खालच्या फटी जरूर बुजवा, पण छताजवळच्या मोकळ्याच ठेवा. कोंबडीला थंडीपेक्षा ओल जास्त मारते.

कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. थंडी वाजली की ती पिसं फुलवते, पिसांखालच्या लवेत हवा अडकते आणि तीच तिची गोधडी होते. ही गोधडी कोरडी असेपर्यंत धडधाकट कोंबडी चांगलीच थंडी सोसते. पण खुराड्यात रात्रभर ओल तयार होत असते. उच्छ्वासातून वाफ निघते आणि शीटेतही बहुतांश पाणीच असतं. खुराडं घट्ट बंद केलं तर ही दमट हवा वर चढते, गार छताला लागून तिचं पाणी होतं आणि ते कोंबड्यांच्याच पाठीवर ठिबकतं. ओल्या पिसांत हवा धरली जात नाही. तुऱ्याला हिमदंश होतो तोही बहुतेक वेळा अशाच दमट खुराड्यात. शिवाय शीटेतून निघणारा अमोनिया डोळ्यांना आणि फुप्फुसांना लागतो तो वेगळाच.

सकाळी दार उघडल्याबरोबर छताला आतून हात लावून पाहा. थेंब किंवा हिमाचा थर लागला तर वरून हवा पुरेशी बाहेर जात नाही. मग गुडघ्यावर बसून, कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर नाक नेऊन वास घ्या. उभ्याने घेतलेला वास फसवा असतो. नाकात झणझणलं तर जमिनीवरची भुशा-काडाची गादी बदलायची वेळ झाली.

हवा खेळती हवी पण झोत नको, हे ऐकायला सोपं आहे आणि नवीन माणसाचा गोंधळ इथेच होतो. हवेची भोकं छताच्या लगेच खाली हवीत, झोपलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या बऱ्याच वर, आणि त्यांना बारीक जाळी हवी. त्याखालच्या भिंती मात्र घट्ट हव्यात. वारा सुटलेल्या संध्याकाळी काठीच्या टोकाला शिवणाचा दोरा बांधा आणि तो दांडीच्या उंचीवर, जिथे कोंबड्या बसतात तिथे धरा. दोरा सरळ लोंबत राहिला तर ठीक. हलला तर झोत कुठून येतो ते शोधून ती फट बंद करा. मग तोच दोरा छताजवळ न्या. तिथे तो हललाच पाहिजे.

आता बँटमचं वेगळेपण. बहुतेक बँटम अर्ध्या ते एक किलोच्या असतात. अंग लहान असलं की वजनाच्या मानाने कातडी जास्त, म्हणून उष्णताही लवकर जाते. त्यामुळे मोठ्या कोंबड्यांना चालतं ते सगळं यांना चालेलच असं नाही. प्रशस्त खुराड्यात सहाच जीव असतील तर त्यांच्या अंगच्या उबेचा काही उपयोग होत नाही. थंडीपुरता मध्ये आडोसा घालून झोपायची जागा लहान करा. दांडीच्या हातभर वर प्लायवूडची फळी आडवी बसवली आणि पुढची बाजू मोकळी ठेवली, तर ऊब तिथेच रेंगाळते आणि ओल बाहेर पडते. माझ्या मते कमी खर्चात सर्वांत जास्त गुण देणारा उपाय हाच. मोठ्या जातीच्या कोंबड्याही सोबत असतील तर रात्री बँटमना वेगळं ठेवा. दांडीवर त्यांना कडेला ढकललं जातं आणि मधली उबदार जागा त्यांना कधीच मिळत नाही.

दांडी लाकडाची हवी. लोखंडी किंवा प्लास्टिकचा पाइप नको. साधारण ५ सेंटिमीटर रुंद, चपटी आणि कडा घासून गोल केलेली असेल, तर कोंबडी पंजे सपाट टेकते आणि छातीच्या पिसांनी बोटं झाकून घेते. बारीक गोल काठीवर बोटं खाली वळून उघडी पडतात.

सिल्कींची गोष्टच निराळी. साध्या पिसाच्या तंतूंना बारीक आकडे असतात, ते एकमेकांत अडकून पीस सलग होतं आणि पाणी वरच्यावर ओघळतं. सिल्कीच्या पिसांत ते आकडे नीट नसतात, म्हणून पाऊस थेट कातडीपर्यंत जातो. तिला उडता येत नाही आणि बहुतेक सिल्की दांडीवर न चढता जमिनीवरच एकमेकींना चिकटून झोपतात. त्यांच्यासाठी फरशीवर निदान १५ सेंटिमीटर कोरड्या भुशाची किंवा काडाची गादी करा. रंध्याचा भुसा ओल चांगली टिपतो, काड ऊब चांगली धरतं. मी खाली भुसा आणि वर काड घालतो. संध्याकाळी मूठभर धान्य त्यातच टाकलं की कोंबड्या उकरून गादी सैल ठेवतात. ओला झालेला कोपरा मात्र रोज काढायचा.

सिल्कीचा तुरा लहान असतो, त्याची फार काळजी नाही. पण पाणी पिताना डोक्यावरचा पिसांचा झुबका भिजतो आणि कडक थंडीत त्यावर बर्फ धरतो. म्हणून तिच्यासाठी अरुंद काठाचं भांडं ठेवा. पायांवर पिसं असल्याने बोटांमध्ये चिखलाचे गोळेही अडकतात, ते रोज संध्याकाळी पाहायचे. सिल्की भिजलीच तर घरात घेऊन टॉवेलने टिपा, मंद ड्रायरने कातडीपर्यंत वाळवा आणि लगेच गारठ्यात सोडू नका.

बाकीच्या चार कोणत्या जातीच्या ते तुम्ही लिहिलेलं नाही. वायंडॉट बँटम असतील तर निर्धास्त राहा. त्यांचा तुरा डोक्याला चिकटलेला असतो आणि पिसं दाट असतात. जपानी बँटमचे पाय इतके आखूड की पोट ओल्या जमिनीला लागतं, आणि त्यांच्या कोंबड्याचा तुराही मोठा असतो. सेरामा असतील तर माझा वरचा सल्ला त्यांना लागू नाही. जगातल्या सर्वांत लहान कोंबड्यांत त्यांची गणना होते. गोठवणाऱ्या थंडीत त्यांना घरात किंवा गरम केलेल्या खोलीतच ठेवावं लागतं.

बल्बला माझा विरोध आगीमुळे आहे. खुराड्यात सगळीकडे पिसांची धूळ आणि काड असतं आणि त्यावर २५० वॉटचा तापलेला दिवा लोंबत असतो. एक कोंबडी फडफडली की तो काडात पडायला वेळ लागत नाही. दुसरं म्हणजे कोंबड्यांना उबेची सवय झाली आणि मध्यरात्री वीज गेली तर त्यांचे हाल होतात. आजारी किंवा पिसं झडून उघडी पडलेली कोंबडी असेल आणि ऊब द्यावीच लागली, तर भिंतीला पक्का बसवायचा, बल्ब नसलेला उष्ण पॅनल घ्या. पिल्लांचं गणित पूर्ण वेगळं आहे. त्यांना पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश लागतात आणि मग दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी ऊब उतरवत न्यायची. कोंबड्यांना लोकरीचे स्वेटर घालतात तेही टाळा. पिसं दबतात, फुलवता येत नाहीत आणि उलट थंडीच वाजते.

थंडीत खाणं वाढतं, वाढू द्या. हिवाळ्याची रात्र लांब आणि बँटमची गळ्याची पिशवी लहान, म्हणून अंधार पडायच्या आधी भरपेट खाणं महत्त्वाचं. झोपायला गेल्यावर छातीच्या वर बोटांनी चाचपा, पिशवी भरलेली लागली पाहिजे. संध्याकाळी थोडा भरडलेला मका चांगला, पण त्यावर पोट भरू नये. पिसं मुख्यतः प्रथिनांची बनतात आणि मक्यात प्रथिनं कमी असतात, म्हणून मुख्य खाणं रोजचं तयार खाद्यच राहू द्या. पाणी गोठलं की कोंबडी खाणंही कमी करते. दिवसातून दोन-तीनदा कोमट पाणी बदला आणि रात्री भांडं बाहेर काढा, तेवढीच आतली ओल कमी. दिवस लहान झाले की अंडी कमी होतात, त्याने घाबरू नका.

रात्री टॉर्च घेऊन दांडीच्या खालच्या बाजूला आणि खाचांत लाल माइट, म्हणजे कोंबडीचं रक्त पिणारे बारीक जीव आहेत का तेही बघा. रक्त कमी झालेली कोंबडी थंडी सोसू शकत नाही.

तुऱ्याची टोकं फिकट किंवा करडी दिसली तर तो हिमदंश समजा. चोळू नका, थेट गरम काही लावू नका. पुढे टोकं काळी पडली तरी ती कापू नका, आपोआप गळतात. पाय गारठले असतील तर कोमट पाण्यात धरा. सूज, पाणी किंवा वास आला तर पशुवैद्याला दाखवा.

पिसं फुलवून एका पायावर उभी असलेली कोंबडी पाहून लगेच काळजी करू नका, ती ऊब राखतेय. पण भर दिवसा इतर चरत असताना एखादी डोळे मिटून कोपऱ्यात बसली आणि दाण्याकडेही वळली नाही, तर ती आजारी आहे. तिला घरात फार गरम नसलेल्या खोलीत, खोक्यात काड घालून ठेवा. बरी झाल्यावरही तिला दुपारच्या उन्हात सोडून रात्री परत आत घ्या आणि असं काही दिवस केल्यावरच इतरांबरोबर खुराड्यात झोपू द्या.